जपानी चित्रकथांचे कपाट मोडीत काढणाऱ्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

देवघेव खिडकीशेजारच्या फलकावर गेल्या महिन्यात एक सूचना लागली. दुसऱ्या मजल्यावरचे जपानी मांगाचे, म्हणजे तिथल्या चित्रकथांचे, कपाट काढून त्यातील पुस्तके बालविभागात हलवली जातील, प्रत्येक संचाचे पहिले तीन खंड नमुन्यादाखल ठेवले जातील आणि उरलेले खंड जागेअभावी दाखल नोंदवहीतून बाद करून रद्दीत काढले जातील, असा तिचा आशय आहे. कारण एका ओळीत दिले आहे: ही चित्रांची पुस्तके असून प्रौढ वाचकांस त्यांचा उपयोग नाही. त्या एका ओळीसाठी हे लांबलचक पत्र लिहावे लागत आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की कार्यालयात दिलेल्या माझ्या दोन अर्जांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. ग्रंथालयाचे नाव मी लिहिलेले नाही, कारण संस्थेची नाचक्की व्हावी अशी माझी इच्छा नाही. ज्यांनी तो फलक वाचला आहे त्यांना नाव सांगण्याची गरजही नाही.

माझा या प्रकरणाशी संबंध काय, ते आधी सांगते. मी या ग्रंथालयाची आजीव सभासद आहे. नागोयात सहा वर्षे राहून पुण्याला परतताना मी आणि माझ्या तिथल्या शेजारणींनी मिळून जमवलेली पुस्तके मी अकरा खोक्यांत भरून आणली आणि आपल्याला दिली. त्या कपाटातली बरीचशी पुस्तके तीच आहेत. दिलेल्या वस्तूवर मालकी सांगायला मी आलेली नाही. परंतु मी जपानी शिकवते, त्या भाषेतून भाषांतराची कामे करते, आणि पुण्यात ही भाषा शिकणारे किती आहेत हे परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेरची गर्दी पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेली बाग आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. त्या बागेतला जपान फारच नीटनेटका आहे. रेशनच्या रांगेत ताटकळणारा, वरिष्ठांपुढे गप्प बसणारा, मोर्चे काढणारा, म्हातारा होत चाललेला जपान ज्यांना पाहायचा आहे, त्यांच्यासाठी ते कपाट होते.

माझी पहिली तक्रार सूचनेतील त्या ओळीबद्दलच आहे. चित्रे म्हटली की ती मुलांसाठी, हा समज केवळ आपल्या मंडळाचा नाही. जपानमध्येही तो होता. १९५५ मध्ये तिथल्या पालक-शिक्षक संघटनांनी 'वाईट पुस्तके' हटवण्याची मोहीम चालवली, तेव्हा ओसामु तेझुका यांच्यासारखा वैद्यकशास्त्र शिकलेला, मुलांसाठी जीव ओतून काढणारा चित्रकारही त्या टीकेतून सुटला नाही. मोहीम चालवणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे वाचक मोठा होत होता आणि मोठा झाल्यावर हातातला मांगा खाली ठेवण्याचा त्याचा विचार नव्हता. युद्धानंतर, १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत, जपानमध्ये दर वर्षी सुमारे २६ ते २७ लाख मुले जन्मली. २०२४ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आकडा सात लाखांच्याही खाली आहे, म्हणजे ती पिढी केवढी दांडगी होती याचा अंदाज यावा. तिला तिकडे 'दान्काई' म्हणजे गठ्ठ्याची पिढी म्हणतात. या एका पिढीचे वय हाताशी धरून आपल्या कपाटातील पुस्तके ओळीने लावून पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

ओळीच्या सुरुवातीला या पिढीच्या आईबापांचे पुस्तक येईल. माचिको हासेगावा या सव्वीस वर्षांच्या तरुणीने १९४६ मध्ये फुकुओकाच्या एका सायंदैनिकात 'साझाए-सान' ही चार चौकटींची चित्रमालिका सुरू केली, ती पुढे 'असाही' दैनिकात गेली आणि १९७४ पर्यंत चालली. सुरुवातीच्या पट्ट्यांत रेशन आहे, काळा बाजार आहे, आणि या सगळ्यातून धांदरटपणे वाट काढणारी, नवऱ्याला न भिणारी एक मुलगी आहे. तिचा नवरा सासऱ्याच्याच घरात राहतो, पण जुन्या जपानी रीतीत घरजावयाला सासरचे आडनाव लावावे लागे, तसे ते त्याला लावावे लागत नाही. वर्गात मी या कुटुंबाचे चित्र फळ्यावर लावते आणि वडिलांचे, म्हणजे नामिहेई यांचे, वय विचारते. टक्कल, टाळूवर एकच केस, घरी किमोनो, नाकाखाली मिशी. मुले पासष्ट म्हणतात, सत्तर म्हणतात. नामिहेई चौपन्न वर्षांचे आहेत. त्या काळी नोकरीतून निवृत्तीचे वय पंचावन्न असे, म्हणजे हा माणूस निवृत्तीला वर्षभर राहिलेला, समाजाच्या लेखी म्हातारा झालेला गृहस्थ आहे. आज जपानमधला कायदा मालकांना पासष्टाव्या वर्षापर्यंत काम उपलब्ध करून द्यायला लावतो. आमच्या वर्गातले दोन-तीन विद्यार्थी स्वतः चौपन्नच्या पुढचे आहेत. हे ऐकल्यावर ते जे काही बोलतात ते इथे लिहीत नाही.

१९५९ च्या मार्च महिन्यात 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे' ही मुलांच्या मांगाची दोन साप्ताहिके एकाच दिवशी निघाली, तेव्हा दान्काई पिढी दहा-बारा वर्षांची होती. मासिक जाऊन साप्ताहिक आले, याचा अर्थ घरोघरी मुलांच्या हातात दर आठवड्याला खर्च करण्याइतके पैसे आले होते. दहा वर्षांनी हीच मुले विद्यापीठांत होती, विद्यापीठे आंदोलनांनी पेटलेली होती आणि 'शोनेन मॅगझिन' अजूनही त्यांच्या हातात होते. उजव्या हातात 'जर्नल', डाव्या हातात 'मॅगझिन', अशी त्या वेळच्या विद्यार्थ्यांबद्दल म्हणच पडली होती. 'जर्नल' म्हणजे 'असाही जर्नल' हे गंभीर राजकीय साप्ताहिक. आपल्या सूचनेत ज्या दोन हातांची आपण ताटातूट केली आहे, ते दोन्ही हात एकाच माणसाचे होते.

त्या 'मॅगझिन'मध्ये १९६८ पासून येत असलेली 'आशिता नो जो', म्हणजे 'उद्याचा जो', ही कथा आपल्या कपाटात होती. टोकियोत सान्या नावाचा भाग आहे, रोजंदारीवरच्या मजुरांच्या स्वस्त खोल्यांचा. टोकियोने १९६४ चे ऑलिम्पिक भरवले, त्यासाठीचे रस्ते आणि इमारती उभारणारे हात अशा वस्त्यांतून आले होते. त्या वस्तीत जो नावाचा एक अनाथ पोरगा येतो, एका डोळ्यावर पट्टी असलेला, दारूत बुडालेला जुना मुष्टियोद्धा त्याला शिकवू लागतो, आणि पुढे रिकिइशी नावाचा प्रतिस्पर्धी सामन्यानंतर मरतो. हा रिकिइशी कागदावरचा माणूस. तरीही २४ मार्च १९७० रोजी प्रकाशन संस्थेच्या इमारतीत कवी-नाटककार शुजी तेरायामा यांच्या पुढाकाराने त्याचा अंत्यविधी झाला आणि त्याला सुमारे सातशे माणसे जमली. बरोबर एका आठवड्याने, ३१ मार्चला, लाल सेना गट या जहाल डाव्या संघटनेच्या तरुणांनी 'योदो' नावाचे प्रवासी विमान पळवले, आणि त्यांच्या निवेदनाचा शेवट 'आम्ही म्हणजे उद्याचा जो आहोत' अशा अर्थाच्या वाक्याने झाला. त्या तरुणांनी केले ते भयंकरच होते. पण १९७० चा जपान समजून घेणाऱ्याने हा मांगा वाचू नये, तो सात वर्षांच्या मुलांच्या कपाटात शोधावा, असे मंडळाला खरोखर वाटते का?

मुलींच्या मांगाची गोष्टही याच पिढीशी बांधलेली आहे. पूर्वी मुलींसाठीच्या कथा बहुतांशी पुरुषच काढत. शोवा २४, म्हणजे १९४९ च्या आसपास जन्मलेल्या मोतो हागियो, केइको ताकेमिया अशा चित्रकर्ती पुढे आल्या आणि चौकटींची मोडतोड करून मनातले कागदावर आणू लागल्या. रियोको इकेदा यांची 'बेरुसाइयु नो बारा' १९७२ मध्ये सुरू झाली. तिची नायिका ऑस्कर फ्रेंच राजवाड्याच्या रक्षकदलात अधिकारी आहे, मुलगा म्हणून वाढवलेली आहे, आणि शेवटी क्रांतीच्या बाजूने उभी राहते. ती कथा बाराव्या वर्षी वाचणारी मुलगी पंचवीस वर्षांची झाली तेव्हा, १९८५ मध्ये, जपानच्या संसदेने नोकरीतील समान संधीचा कायदा केला. मांगामुळे कायदा झाला असे मी म्हणणार नाही. इतके सरळ काही नसते. पण त्या पंचविशीतल्या मुलीच्या मनात काय होते हे सरकारी अहवालात मिळणार नाही.

आणि 'काचो शिमा कोसाकु'. केन्शी हिरोकाने स्वतः एका मोठ्या विद्युत उपकरणांच्या कंपनीत नोकरी केलेले गृहस्थ, जन्म १९४७, आणि त्यांचा नायकही १९४७ चाच. १९८३ मध्ये तो विभागप्रमुख होतो, २००८ मध्ये कंपनीचा अध्यक्ष. मधल्या पंचवीस वर्षांत तेजीचा फुगा फुगला, फुटला, आणि जगभर नाव असलेल्या जपानी कंपन्यांवर विलीनीकरणाची वेळ आली. हे सगळे त्या खंडांत बैठकांमधून आणि बदल्यांमधून दिसते. मला स्वतःला शिमा साहेब आवडत नाहीत. त्यांच्या कथेत स्त्रिया बहुधा वर चढायच्या पायऱ्या म्हणून येतात, आणि त्यांची प्रकरणे तर सांगायची सोय नाही. तरी नोकरीला आयुष्य वाहिलेल्या त्या पुरुषाने स्वतःबद्दल काय समजूत करून घेतली होती, ते त्यांच्याइतके कोणी उघडे केलेले नाही. जाता जाता एवढेच नोंदवते की आपल्या नव्या योजनेनुसार शिमा साहेबांची प्रकरणे उद्यापासून बालविभागात उपलब्ध असतील.

दुसरी तक्रार तीन खंडांच्या नियमाची आहे, आणि ती मला पहिलीपेक्षा अधिक लागली आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. शाळेच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले, वडील आणि भावंडे गेली. त्यांची 'हादाशी नो गेन' ही कथा १९७३ मध्ये मुलांच्या एका लोकप्रिय साप्ताहिकात सुरू झाली आणि पुढे दहा खंडांची झाली. बॉम्ब पडतो तो पहिल्या खंडाच्या अखेरीस. पहिले तीन खंड ठेवून आपण आग, राख आणि प्रेते ठेवली आहेत. त्यानंतरच्या खंडांत बेवारस मुलांच्या टोळ्या आहेत, अमेरिकी ताबा आहे, किरणोत्साराने आजारी पडलेल्यांना जवळ न करणारे शेजारी आहेत, युद्धाला जयजयकार करून नंतर शांततेची भाषणे देणारे पुढारी आहेत. समाज बदलला तो त्या सात खंडांत, आणि आपण रद्दीत काढले तेच सात खंड.

या पुस्तकाची एक हकिकत मंडळाने अवश्य वाचावी. डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे नाकाझावा वारले त्याच महिन्यात, मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाच्या कार्यालयाने शहरातील शाळांना कळवले की या मांगातील काही दृश्ये फार हिंसक आहेत, तेव्हा तो बंद कपाटात ठेवावा आणि मुलांना सहजी देऊ नये. ऑगस्ट २०१३ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, देशभर गदारोळ झाला, आणि २६ ऑगस्टला शिक्षण मंडळाने निर्बंध मागे घेतले. कारण काय दिले? निर्णयाची पद्धत चुकली होती. मंडळाच्या सदस्यांना न विचारताच कार्यालयाने तो परस्पर घेतला होता. पुस्तक चांगले की वाईट, हा वाद तिथे आजही मिटलेला नाही. पण कोणाला विचारून निर्णय घेतला, या प्रश्नापुढे त्यांना माघार घ्यावी लागली.

तोच प्रश्न माझी तिसरी तक्रार आहे. आमच्या सभासदांच्या गेल्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे कपाट नव्हते. ग्रंथनिवड समितीपुढे विषय आला होता का, आला असेल तर इतिवृत्त कुठे आहे, समितीतील कोणाला जपानी वाचता येते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला मिळालेले नाही.

चौथी तक्रार लहान आहे. जपानी मांगाचे पुस्तक उजवीकडून उघडते. आपल्या कर्मचाऱ्यांनी ते आपल्या पद्धतीने डावीकडून उघडले आणि तारखेची पट्टी पहिल्या पानावर म्हणून जिथे चिकटवली, तिथे कथेचे शेवटचे पान होते. गेन्गोरो तागामे यांच्या 'ओतोतो नो ओत्तो'च्या एका खंडात शेवटच्या चौकटीतला चेहरा डिंकाखाली गेला आहे. वरती फक्त फेब्रुवारीचा शिक्का दिसतो. कर्मचाऱ्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण सात वर्षांत ही चूक मंडळाच्या एकाही सदस्याच्या लक्षात आली नाही, यावरून त्या कपाटाचे दार मंडळाने किती वेळा उघडले याचा हिशेब होतो.

त्या पुस्तकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. याइची नावाचा एकटा बाप आणि त्याची शाळकरी मुलगी काना यांच्या दाराशी कॅनडाहून एक धिप्पाड दाढीवाला माणूस येतो आणि सांगतो, मी तुमच्या वारलेल्या जुळ्या भावाचा नवरा. काना सहज विचारते, पुरुषांचे पुरुषांशी लग्न होते? बाप गडबडतो, आणि त्याच्या तोंडून निघणारे उत्तर आणि मनात उमटणारे उत्तर वेगवेगळे असते. कथा २०१४ मध्ये सुरू झाली. टोकियोच्या शिबुया प्रभागाने समलिंगी जोडप्यांना सहजीवनाचे दाखले द्यायला सुरुवात केली ती २०१५ मध्ये, आणि देशाच्या कायद्यात असे लग्न अजूनही बसत नाही. यात मोर्चा नाही, भाषण नाही. जेवणाचे टेबल आहे, आंघोळीची पाळी आहे, शेजारच्या आईची नजर आहे. जपानी माणूस अवघड विषय कसा हाताळतो, हे मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकवू शकत नाही.

उपयोगाचा मुद्दा मंडळाने स्वतःच काढला आहे, म्हणून हेही सांगते. २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांबाबत करार झाला आणि त्यात वृद्धांच्या शुश्रूषेचे कामही आले. माझी एक विद्यार्थिनी त्या कामासाठी गेली. जाण्याआधी तिने आपल्याच कपाटातून रिकी कुसाका यांच्या 'हेल्पमॅन'चे खंड नेऊन वाचले. शाळा सोडलेला एक मुलगा वृद्धांची सेवा करायला लागतो, अशी २००३ मध्ये सुरू झालेली ती कथा आहे: घरात स्मृतिभ्रंश झालेले म्हातारे माणूस, थकून गेलेले घरचे लोक, अपुरा पगार, आणि नियमांवर बोट ठेवून हात झटकणारी यंत्रणा. आज तिथे पासष्टीच्या पुढचे लोक शंभरात एकोणतीसच्या आसपास आहेत, आणि त्यांत ती गठ्ठ्याची पिढी आता पंच्याहत्तरी ओलांडून बसली आहे. माझ्या विद्यार्थिनीने तिकडून लिहिले की पहिल्या आठवड्यात एका आजींनी तिचा हात झटकला तेव्हा तिला रडू आले नाही, कारण ते चित्र तिने आधी पाहिले होते. पाठ्यपुस्तकात तिने स्टेशन कुठे आहे ते विचारायला शिकले होते. 'हेल्पमॅन'चे चौथ्यापासूनचे खंड आपल्या बाद यादीत आहेत.

मांगात सगळे सोनेच आहे असा माझा दावा नाही. दर आठवड्याला निघणाऱ्या त्या जाड अंकांत भरताड पुष्कळ असते, आणि अल्पवयीन मुलींना ज्या नजरेने रेखाटले जाते ती नजर मला किळसवाणी वाटते. तीही त्या समाजाचीच आहे, हे खरे. म्हणून ती मुलांच्या हाती द्यावी असे होत नाही. वयोगटाप्रमाणे चिठ्ठ्या लावाव्यात असे मी पुस्तके देतानाच सुचवले होते. मंडळाने नेमके उलटे केले: जे मोठ्यांचे ते मुलांकडे पाठवले आणि जे मुलांनी खुशाल वाचावे त्याचे पुढचे खंड फेकले.

जागेचे कारण मला मान्य आहे. जागा कमीच आहे. क्योतो शहराच्या मध्यभागी मुलांची संख्या घटत गेली आणि तात्सुइके नावाची जुनी प्राथमिक शाळा १९९५ मध्ये बंद झाली. शहराने आणि क्योतो सेइका विद्यापीठाने मिळून त्याच इमारतीत २००६ मध्ये मांगा संग्रहालय उघडले. आज तिथे सुमारे तीन लाख वस्तूंचा संग्रह आहे, आणि त्यातले पन्नास हजार खंड भिंतीलगतच्या फळ्यांवर कोणीही उचलून वाचावेत असे मोकळे ठेवले आहेत. मी गेले तेव्हा जुन्या वर्गाबाहेरच्या फरशीवर एक सत्तरीचे गृहस्थ आणि त्यांचा नातू पाठीला पाठ लावून बसले होते, दोघांच्या हाती वेगवेगळी पुस्तके होती. आपल्याकडे आम्ही एक कपाट मागत आहोत.

माझ्या मागण्या अशा आहेत. बाद यादीवरची पुढील कार्यवाही आजच थांबवावी आणि एकही खंड रद्दीवाल्याच्या गाडीत जाऊ नये. सर्व संच पूर्ण स्वरूपात दुसऱ्या मजल्यावर परत लावावेत, आणि त्यांतील जे खरोखर मुलांचे आहेत तेवढेच, पूर्ण संचांसह, बालविभागात ठेवावेत. प्रत्येक संचावर वयोगटाची चिठ्ठी असावी. हा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचे इतिवृत्त फलकावर लावावे, आणि येत्या तीन महिन्यांत सभासदांची सभा बोलावून विषय तिच्यापुढे ठेवावा. तिथे बहुमत माझ्या विरुद्ध गेले तर सगळे खंड मी स्वखर्चाने परत नेईन, त्यांची रद्दी होऊ देणार नाही.

वर्गवारीचे आणि चिठ्ठ्यांचे काम मी आणि माझे चार विद्यार्थी विनामूल्य करू. चुकीच्या पानांवरच्या पट्ट्या ओल्या फडक्याने सोडवता येतात, मी घरी एका खंडावर करून पाहिले आहे; कागद फाटत नाही, थोडा फुगतो एवढेच. त्यासाठी आम्हाला दोन शनिवार दुपार आणि कपाटाची किल्ली लागेल.

आपली,
एक आजीव सभासद आणि जपानी भाषेची शिक्षिका
पुणे